प्रोजेक्टाइल आणि मोमेंटमचे न्यूमेरिकल: परीक्षेसाठी सराव कसा करायचा

प्रोजेक्टाइल म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती आणि मोमेंटम म्हणजे वस्तुमान × वेग; अकरावीच्या फिजिक्समध्ये हे दोन विषय लागोपाठच येतात आणि सीईटी, जेईई, नीट देणारी बरीच मुलं रेंज (वस्तू आडवी किती लांब जाते), हाइट, टाइम ऑफ फ्लाइट (हवेत राहण्याची वेळ) असे तीन फॉर्म्युले पाठ करून बसतात, मग पेपरात गणित जरा वाकडं आलं की अडकतात. मुलांची हुशारी कमी पडते असं अजिबात नाही, सरावच उलट्या टोकाने सुरू झालेला असतो. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे की सुरुवातीला ते तीन फॉर्म्युले वापरायचेच नाहीत, प्रत्येक गणित आठवीनववीपासून माहीत असलेल्या गतीच्या समीकरणांवरूनच काढायचं.

१. आधी आकृती, मग आकडे

गणित वाचलं की लगेच आकडेमोड नको. आकृती काढा, सुरुवातीचा बिंदू कुठला ते ठरवा, वरची दिशा प्लस की मायनस ते बाणाने दाखवा आणि गणित संपेपर्यंत ते बदलू नका. वर प्लस धरलं तर जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं अॅक्सिलरेशन, मायनस १०, आणि वस्तू सुरुवातीच्या जागेपेक्षा खाली पडली तर डिस्प्लेसमेंटही मायनस. निम्मी चुकलेली गणितं खरंतर इथेच चुकलेली असतात, पुढची आकडेमोड बरोबर असूनही.

२. पानावर मधोमध रेघ मारा

डावीकडे आडवी गती, उजवीकडे उभी गती. आडव्या बाजूला अॅक्सिलरेशन शून्य, म्हणजे अंतर = वेग × वेळ, बस्स. उभ्या बाजूला फक्त जी. दोन्हीकडे सारखी असते ती फक्त वेळ, त्यामुळे बहुतेक गणितांत एका बाजूने वेळ काढून दुसऱ्या बाजूला टाकायची एवढंच काम उरतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असतो हे याच विचाराने दाखवलं होतं, आडवी गती एकसारखी आणि उभी वाढत जाणारी, दोघी एकमेकींच्या आड येत नाहीत.

एक गणित करूनच बघू. ६० मीटर उंच बिल्डिंगच्या गच्चीवरून ४० मी/से वेगाने, आडव्या रेषेच्या वर ३० अंशात बॉल फेकला, तर तो बिल्डिंगच्या पायथ्यापासून किती लांब पडेल? जी १० धरा. उभा वेग ४० × साइन ३० = २०, आडवा वेग ४० × कॉस ३० = ३४.६. उभ्या बाजूला: −६० = २०टी − ५टी², म्हणजे टी² − ४टी − १२ = ०, उत्तरं ६ आणि −२. मायनस वेळ सोडून द्यायची, उरले ६ सेकंद, म्हणून अंतर ३४.६ × ६, साधारण २०८ मीटर. आता हेच रेंजच्या फॉर्म्युल्यात टाकून बघा, १३८.६ येतं आणि एमसीक्यूमध्ये हा आकडासुद्धा ऑप्शन म्हणून दिलेला असू शकतो! तो फॉर्म्युला फेकायची आणि पडायची पातळी एकच असेल तेव्हाच चालतो, आणि हे तुम्हाला कायमचं लक्षात राहायला असं एक गणित दोन्ही पद्धतींनी सोडवलेलं पुरतं.

बॉल गच्चीवरून खाली ३० अंशात फेकला तर काय बदलेल तेही लगेच करा. फक्त २० चं चिन्ह बदलतं, आणि वेळ ६ ऐवजी २ सेकंद येते. एकच गणित असं फिरवून तीनचार वेळा केलेलं मला वीस वेगळ्या गणितांपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

३. मोमेंटमला 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन आकृत्या

इथेही चिन्हच घात करतं. ०.२ किलोचा बॉल १५ मी/से ने भिंतीवर आपटून १० ने परत आला, मोमेंटम किती बदललं? घाईत ०.२ × ५ = १ लिहिलं जातं. पण दिशा उलटली आहे, म्हणून ०.२ × (−१० − १५) = −५. भिंतीला ०.०५ सेकंद टेकला असेल तर सरासरी फोर्स १०० न्यूटन.

दुसरा प्रश्न नेहमी विचारायचा: मोमेंटम कायम आहे की एनर्जी? १० ग्रॅमची गोळी ४०० मी/से ने येऊन टांगलेल्या १.९९ किलोच्या ठोकळ्यात रुतली. रुतताना फक्त मोमेंटम: ४ = २ × वेग, म्हणून २ मी/से. त्यानंतर ठोकळा वर झुलतो तेव्हा एनर्जी: उंची ०.२ मीटर. सुरुवातीपासून एनर्जी लावली असती तर ४० मीटर आली असती! गोळीची एनर्जी ८०० ज्यूल होती, रुतल्यावर ४ उरली, बाकीची उष्णता आणि लाकूड फाटण्यात गेली. म्हणून वस्तू चिकटली, रुतली, असं वाचलं की तेवढ्या क्षणापुरती एनर्जी बाजूला ठेवायची.

४. दोन्ही एकत्र असलेलं गणित

जेईईवाल्यांनी हे सोडूच नये, मला तर या दोन धड्यांमधलं सगळ्यात सुंदर गणित हेच वाटतं. तोफगोळा ५० मी/से ने ५३ अंशात उडाला (साइन ०.८, कॉस ०.६ घ्या). आडवा वेग ३०, उभा ४०, वर पोचायला ४ सेकंद, तोवर आडवं अंतर १२० मीटर. अगदी टोकावर तो फुटून दोन सारखे तुकडे झाले, एक तिथेच थांबून सरळ खाली पडला, तर दुसरा कुठे पडेल? आडवं मोमेंटम कायम, म्हणून दुसऱ्याचा वेग ६०, खाली यायला पुन्हा ४ सेकंद, तो तोफेपासून १२० + २४० = ३६० मीटरवर पडणार. आता ताळा करा: १२० आणि ३६० ची सरासरी २४०, आणि न फुटता गोळा पडला असता तेही २४० वरच, कारण स्फोटाचे फोर्स आतले असतात आणि सेंटर ऑफ मास (सगळ्या तुकड्यांच्या वस्तुमानाचा मध्यबिंदू) आपल्या मार्गानेच जात राहतो. पहिला तुकडा आला त्याच वाटेने परत गेला असता तर दुसरा कुठे पडला असता ते स्वतः काढा, उत्तर ४८० यायला हवं.

५. घड्याळ शेवटी

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तेव्हा फॉर्म्युले लागतातच, पण आता ते कधी चालतात हे तुम्हाला माहीत आहे. ३० आणि ६० अंशांची रेंज सारखी, ४५ अंशात रेंज जास्तीत जास्त उंचीच्या चौपट, असल्या गोष्टी या टप्प्यावर पाठ करा. वेळ लावून सोडवताना चुकलेलं गणित त्याच दिवशी उत्तर न बघता रेघ मारून पुन्हा करा, आणि चूक चिन्हाची होती, पातळीची की एनर्जी-मोमेंटमची, ते समासात एका शब्दात लिहून ठेवा, परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त तो समास वाचायचा.