पेशीअंगकं शिकताना या चुका टाळा

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. आठवीपासून बारावीपर्यंत ही बिरुदं मुलांना तोंडपाठ असतात आणि एका मार्काच्या प्रश्नाला ती पुरतातही. प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. हरभरा अंधारात रुजतो तेव्हा त्याला ऊर्जा कुठून मिळते? लाल रक्तपेशीत तंतुकणिका किती? उत्तरपत्रिकांत दरवर्षी तेच गोंधळ दिसतात आणि बहुतेकांचं मूळ एकच असतं. अंगकाचं काम पाठ असतं, पण ते कोणत्या पेशीत आणि कुणाच्या जोडीने चालतं, हे कधी विचारलेलंच नसतं.

हरितलवक आहे, मग तंतुकणिका कशाला?

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच. प्राणीपेशीत तंतुकणिका आणि वनस्पतीपेशीत तिच्याऐवजी हरितलवक, असा तक्ता मुलं बिनधास्त काढतात. हरितलवक सूर्यप्रकाशाच्या मदतीने साखर बनवतं, पण त्या साखरेतून पेशीच्या रोजच्या कामासाठी एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, मिळवण्याचं काम वनस्पतीतही मुख्यतः तंतुकणिकाच करतात. रात्री पानांत प्रकाशसंश्लेषण बंद असतं, मुळांच्या पेशींत तर हरितलवकं सहसा नसतातच. त्या पेशी जगतात त्या श्वसनावर. अंधारात रुजणारा हरभराही साठवलेलं अन्न वापरतो, ते याच मार्गाने.

याच्याच पुढची चूक म्हणजे ग्लुकोजचा बाण थेट तंतुकणिकेत नेऊन सोडणं. ग्लुकोजचं पहिलं विघटन बाहेर, पेशीद्रव्यात होतं आणि त्यातून तयार झालेलं पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरतं. हे पक्कं झालं की लाल रक्तपेशीचं कोडं सुटतं. माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत ना केंद्रक असतं, ना तंतुकणिका. तरीही ती सुमारे १२० दिवस जगते, कारण पेशीद्रव्यातल्या विघटनातून मिळणाऱ्या एटीपीवर तिचं भागतं. ती जो ऑक्सिजन वाहून नेते, त्यातला स्वतःच्या श्वसनासाठी अजिबात वापरत नाही. मला हे फार सुंदर वाटतं आणि वर्गात हे सांगितल्याशिवाय तंतुकणिकेचा धडा संपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

कांद्याच्या स्लाइडवर काय बिघडतं?

पुस्तकातली रंगीत आकृती डोक्यात ठेवून मुलं सूक्ष्मदर्शकात डोकावतात आणि जे दिसत नाही तेही वहीत काढतात. कांद्याच्या पेशीत हिरवी हरितलवकं काढलेली वही हमखास सापडते. कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. ती पाहायची असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान घ्यावं. तिथे ती नुसती दिसतच नाहीत, तर पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर पेशीच्या कडेकडेने सरकतानाही दिसतात. रायबोसोम तर शाळेच्या काय, कोणत्याही साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकात दिसणार नाही. तो २० ते ३० नॅनोमीटरचा, आणि अशा सूक्ष्मदर्शकाची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरची.

जाड काळी कड असलेले गोल दिसले, तर त्या पेशी किंवा केंद्रकं नव्हेत, हवेचे बुडबुडे आहेत. कव्हरस्लिप आडवी टाकली की ते होतातच. तिची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवून सुईच्या आधाराने तिरकी हळूहळू खाली सोडावी. पेशी एकावर एक दिसत असतील, तर पापुद्रा दुमडलाय किंवा जाड निघालाय. खवल्याच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने काढला की तो एकपदरी येतो.

केंद्रकच दिसत नसेल, तर आधी उजेड कमी करून पाहावा. तरी जमलं नाही तर कव्हरस्लिपच्या एका कडेला आयोडीनचा थेंब ठेवून समोरच्या कडेला टिपकागद लावावा. रंग आत ओढला जातो आणि केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसतं. बहुतेक पेशींत ते कडेला सरकलेलं असतं, कारण मधली जवळजवळ सगळी जागा रसाने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेली असते. एखाद्या पेशीत मात्र ते अगदी मधोमध दिसतं. तिथेही ते भिंतीलाच टेकलेलं असतं, फक्त वरच्या किंवा खालच्या, आणि आपण वरून पाहत असतो.

याच पापुद्र्यावर मिठाचं पाणी टाकून 'रससंकोच (पाणी बाहेर जाऊन पेशीचा आतला भाग आकसणं) दिसत नाही' अशी तक्रार येते. आयोडीनने पेशी आधीच मेलेल्या असतात. पटल मेलं की परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ये-जा, संपलं. रससंकोचासाठी रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा जांभळा पापुद्रा न रंगवता घ्यावा. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात असतो, त्यामुळे आतला भाग आकसून पेशीभित्तिकेपासून सुटताना स्पष्ट दिसतो. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वनस्पतीपेशीत दोन्ही असतात, हे समजावायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

लयकारिका फक्त मरणासाठी नसते

क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी १९५०च्या दशकात लयकारिका शोधल्या. 'आत्मघाती पिशव्या' हे बिरुद इतकं चिकटलं की त्यांचं नेहमीचं काम झाकून गेलं. जुनी, मोडकी अंगकं आणि बाहेरून आत घेतलेले कण फोडून त्यातलं उपयोगी द्रव्य पेशीला परत देणं, हे ते काम. योशिनोरी ओसुमी यांनी त्यातल्या स्वभक्षणाच्या (पेशीने स्वतःचेच जुने भाग पचवण्याच्या) यंत्रणेचा छडा यीस्टमध्ये लावला, त्याला २०१६चं नोबेल मिळालं. लयकारिकेतलं एखादं विकर (एन्झाइम) नसेल तर काय होतं, हे टे-सॅक्स आजारात दिसतं. न फुटलेला मेद चेतापेशींत साचत जातो.

आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुलाची कामं वेगवेगळी पाठ करण्यापेक्षा एकाच प्रथिनाचा माग काढावा. इन्शुलिन घ्या. रायबोसोमवर साखळी तयार होते, खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत तिची घडी बसते, गॉल्गीतून ती पुटिकांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, भरली जाते आणि प्रद्रव्यपटलाशी येऊन बाहेर पडते. चारही नावं आपोआप क्रमाने लक्षात राहतात.

७०एसची बेरीज आणि केंद्रकाबाहेरचा डीएनए

जिवाणूचा रायबोसोम ७०एस, त्याचे भाग ५०एस आणि ३०एस. मुलं बेरीज करून ८० लिहितात. एस हे वजन नाही, फिरत्या नळीत कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप आहे आणि वेगांची अशी बेरीज होत नाही. आपल्या पेशीद्रव्यातला रायबोसोम ८०एसचा असतो. या फरकामुळेच काही प्रतिजैविकं जिवाणूचा रायबोसोम अडवतात आणि आपला बहुतांशी सोडतात. चिदंबरमला जन्मलेले वेंकी रामकृष्णन यांना २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी.

'डीएनए फक्त केंद्रकात असतो' हेही खोडायला हवं. माणसाच्या तंतुकणिकेत स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, त्यावर ३७ जनुकं असतात आणि तो आईकडून येतो. तिचे रायबोसोमही स्वतःचे, आणि जिवाणूंशी नातं सांगणारे. म्हणून त्या डीएनएत एक विशिष्ट बदल असलेल्या व्यक्तीला जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक दिलं, तर ते कानातल्या पेशींच्या तंतुकणिकांनाही अडवतं आणि कायमचं बहिरेपण येऊ शकतं. आईच्या नात्यात कुणाला असं झालं असेल, तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावं.