मुलांच्या धीट साक्षीसाठी : मे महिन्यातील बायबल शाळेच्या तयारीची यादी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मुलांची पाच दिवसांची बायबल शाळा भरते. मुलांनी आपला विश्वास न घाबरता इतरांना सांगावा, हा यंदाचा विषय आहे आणि पुढील यादी त्या शाळेच्या शिक्षकांसाठी लिहिली आहे. तीस-चाळीस मुले, सहा-सात शिक्षक, एक उपासनामंदिर आणि त्यापुढचे अंगण एवढ्यावर भागवणाऱ्या कोणत्याही मंडळीला ती थोड्याफार फरकाने वापरता येईल.

सामानाच्या खरेदीला जाण्यापूर्वी, साधारण मार्चअखेर, सर्व शिक्षकांनी पाळकांसह (मंडळीच्या धर्मगुरूंसह) एकदा बसून 'धीट' या शब्दाचा अर्थ ठरवून घ्यावा. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका आठ वर्षांच्या मुलाकडून पानभर साक्ष पाठ करून घेतली होती. त्याने ती माइकवर खणखणीत आवाजात म्हटली, टाळ्या पडल्या आणि मीही समाधानाने घरी गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाकावरच्या मित्राने गळ्यातल्या क्रुसाबद्दल विचारले, तेव्हा त्याच मुलाने तो क्रूस सदऱ्याच्या आत ढकलला. त्यात त्याची चूक नव्हती. मी त्याला सभेत बोलायला शिकवले होते आणि प्रत्यक्षात त्याला एका मित्राला उत्तर द्यायचे होते. म्हणून यंदा पाचही दिवस माइक कपाटातच ठेवावा आणि प्रत्येक मूल एका वेळी एकाच माणसाशी बोलेल, अशा रीतीने सर्व कृती आखाव्यात. पाठांतरासाठी पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन घ्यावे आणि ते पूर्ण घ्यावे. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव तयार असावे, हा भाग फलकावर ठळक अक्षरांत येतो. ते उत्तर सौम्यतेने द्यावे, हा पुढचा भाग मात्र जागा पुरत नाही म्हणून बहुधा गळून पडतो.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मुलांना शाळेत, गल्लीत आणि खेळाच्या मैदानावर खरोखर कोणते प्रश्न विचारले जातात, ते गोळा करावेत. शिक्षकांनी हे प्रश्न कल्पनेने लिहू नयेत; दहा-बारा घरी जाऊन मुलांनाच विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ते उतरवून घ्यावेत. गेल्या वर्षी आम्हाला मिळालेल्या चिठ्ठ्यांमध्ये 'तू प्रसाद का खात नाहीस?', 'तुझी आई कुंकू का लावत नाही?', 'तुम्ही नाताळला सांताक्लॉजची पूजा करता का?', 'तुझं नाव डॅनियल, मग तू मराठी कसा?' आणि 'हा तर इंग्रजांचा धर्म आहे ना?' हे प्रश्न पुन्हापुन्हा आले होते. विचारणाऱ्या मुलांच्या मनात बहुतेक वेळा केवळ कुतूहल असते, हे शिक्षकांनी आधी लक्षात घ्यावे, नाहीतर मुले प्रत्येक प्रश्नाला हल्ला समजू लागतात.

यांतील दोन प्रश्नांची तयारी अधिक काळजीने करावी लागते. प्रसादाच्या प्रश्नाचे एकच उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये, कारण ख्रिस्ती घराघरांत याबाबत वेगवेगळी रीत असते आणि शिक्षकाने एक बाजू घेतली की मुलाची घरी ओढाताण होते. करिंथ येथील मंडळीला मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी पहिल्या पत्रात लिहिताना प्रेषित पौलालाही एका वाक्यात निकाल देता आला नाही. त्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत तो दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा विचार करत सावकाश पुढे जातो. काय करावे, हे आईवडिलांनी सांगावे, शिक्षकांनी फक्त कसे बोलावे याचा सराव घ्यावा. 'मी घेत नाही, पण तू आठवणीने आणलास याचा मला आनंद वाटला' असे हात जोडून म्हणणाऱ्या मुलाची मैत्री टिकते. मित्राच्या देवाला नावे ठेवणारे वाक्य सरावात कोणाच्याही तोंडून आले, तर तिथेच थांबवून ते पुन्हा बोलायला लावावे. या एका बाबतीत शिक्षकांनी अजिबात ढिलाई करू नये.

इंग्रजांच्या धर्माविषयीच्या प्रश्नासाठी भिंतीवर जगाचा नकाशा लावावा आणि मुलांनीच त्यावर बेथलेहेम शोधावे, म्हणजे प्रभू येशूचा जन्म आशिया खंडात झाला हे त्यांना सांगावे लागणार नाही. थोरल्या मुलांना याहून अधिक सांगता येईल. गोव्यात 1616 साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'ची रचना मराठी ओवीत आहे. त्याचे कर्ते फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज होते, हे चाणाक्ष मुले नक्की पकडतील आणि त्यांनी ते पकडावेच, कारण परदेशातून आलेल्या माणसाला येथे येऊन मराठीत ओव्या रचाव्याशा वाटल्या, यावर मग चांगली चर्चा होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी लिहिलेली भजने आजही आपण रविवारी टाळ धरून म्हणतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले. या तिघांची प्रत्येकी एक गोष्ट सांगण्याची जबाबदारी तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडे द्यावी आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ कोणालाही देऊ नये.

पहिल्या दिवसाची कृती भीतीविषयी असावी, धैर्याविषयी नव्हे. त्यासाठी सुकी लाकडे, पतंगाचा नारिंगी कागद आणि एक टॉर्च यांची लटकी शेकोटी रचावी, खिडक्यांना चादरी लावून अंधार करावा आणि येशूच्या अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने शेकोटीजवळ 'मी त्याला ओळखत नाही' असे तीनदा सांगून प्रभूला नाकारल्याचा प्रसंग मुलांनी गोलात बसून करावा. तीन मुले प्रश्न विचारतील, पेत्र झालेले मूल उत्तरे देईल आणि बाहेरून शिक्षक कोंबड्याची बांग देतील. त्यानंतर उपदेश न करता पेत्र झालेल्या मुलाला केवळ एवढेच विचारावे की, प्रश्न येत असताना तुझ्या पोटात कसे होत होते. प्रत्येक गटात आळीपाळीने चार-पाच मुलांना पेत्र होऊ द्यावे, कारण आपल्यासारखेच दुसऱ्यालाही वाटते हे कळल्यावर मुले मोकळी होतात आणि शाळेत कधी गप्प बसलो, ते आपणहून सांगू लागतात. याच पेत्राने पुढे यरुशलेमेत उभे राहून भाषण केले, ही गोष्ट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावी.

दुसऱ्या दिवसासाठी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील, कुष्ठरोगी सेनापती नामान याच्या घरची दासी मला सर्वांत जवळची वाटते. ती लहान आहे, परमुलखात पकडून नेलेली आहे, तिचे नावसुद्धा ग्रंथात दिलेले नाही आणि तिच्या तोंडी एकच वाक्य आहे: धनी संदेष्ट्याकडे गेला तर बरा होईल. त्या वाक्याचे शब्द मुलांना मोजायला सांगावेत आणि मग प्रत्येकाने वहीत स्वतःचे तेवढेच लहान वाक्य लिहावे. वाक्य स्वतःच्या आयुष्यातले असले पाहिजे, एवढीच अट ठेवावी. 'आजी आजारी होती तेव्हा आम्ही रोज प्रार्थना केली आणि मला रात्री भीती वाटली नाही' हे पुरेसे आहे. 'येशू जगाचा तारणारा आहे' हे सत्य असले तरी त्यात ते मूल कुठेच नसते. घरी जी मराठी बोलली जाते तिच्यातच वाक्य लिहू द्यावे आणि शिक्षकांनी लाल पेन जवळ बाळगू नये. जन्मापासून आंधळा असलेल्या आणि येशूने बरे केलेल्या माणसाने योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात विद्वानांना दिलेले उत्तर इथे जोडून वाचावे: इतर त्याला ठाऊक नव्हते, पूर्वी दिसत नव्हते आणि आता दिसते एवढेच त्याला ठाऊक होते.

ही वाक्ये बोलून पाहण्यासाठी अंगणात खडूने दोन वर्तुळे काढावीत, एक आत आणि एक बाहेर. दोन्ही वर्तुळांतील मुले समोरासमोर उभी राहतील, ढोलकी थांबली की आतले मूल समोरच्याच्या हातातील चिठ्ठीवरील प्रश्नाला उत्तर देईल आणि ढोलकी पुन्हा वाजली की बाहेरचे वर्तुळ एक पाऊल सरकेल. प्रश्न कठीण वाटला तर 'मला माहीत नाही, मी विचारून सांगेन' हे उत्तर पूर्ण गुणांचे धरावे आणि शिक्षकांनीही दिवसातून एकदा तरी ते मुलांसमोर द्यावे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या देऊ नयेत. त्यांनी बाहुल्यांकडून बोलून घेतलेले उत्तम, त्यासाठी जुने मोजे आणि बटणे जमवावीत.

तिसऱ्या दिवशी मणी ओवण्याची कृती ठेवावी. रंगांच्या आधारे सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याची पद्धत जुनी आहे. लंडनचे उपदेशक स्पर्जन यांनी 1866 साली काळा (पाप), लाल (ख्रिस्ताचे रक्त) आणि पांढरा (शुद्धता) एवढ्याच रंगांवर उपदेश केला होता आणि हिरवा व सोनेरी हे रंग नंतर आले. आपल्या वर्गात मात्र काळा म्हणजे पाप असे शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलांना रंगावरून शाळेत चिडवले जाते, ती आपल्या मनगटावरचा तो मणी पाहून काय समजतील याचा विचार करावा आणि त्याऐवजी मातकट किंवा राखाडी मणी घेऊन मळलेल्या कपड्याची उपमा वापरावी. प्रत्येक मुलाला पाच मणी आणि वीतभर इलॅस्टिक दोरा लागतो. मणी सांडतातच, म्हणून दहा संच जास्तीचे आणावेत आणि लहानग्यांना मणी न देता रंगीत कागदाच्या पट्ट्या द्याव्यात, कारण ती मुले मणी तोंडात घालतात.

चौथ्या दिवसाची कृती लहान असली तरी ती वगळू नये. जोडीतील एकाने आपले वाक्य सांगावे, दुसऱ्याने 'मला हे ऐकायचे नाही' म्हणावे, त्यावर पहिल्याने 'बरं' म्हणून लगेच गोट्या किंवा लगोरी खेळायला बोलवावे. नकार मिळाल्यावर न रुसता मैत्री चालू ठेवण्याचा सराव मोठ्यांनाही नसतो, त्यामुळे हे शिक्षकांनी आधी आपापसांत करून पाहावे.

गाण्यांसाठी दोनच भजने आणि एक कृतिगीत घ्यावे, कारण पाच दिवसांत त्याहून अधिक पाठ होत नाही.

पालकांची लेखी संमती प्रत्येक मुलासाठी घ्यावी आणि तीत आजार, औषधे व तातडीने फोन करायचा क्रमांक लिहून घ्यावा. अन्य धर्मीय शेजाऱ्यांची मुले खेळायला म्हणून येतात. त्यांच्या आईवडिलांना शाळेत काय शिकवले जाते ते आधी स्पष्ट सांगून त्यांची सही मिळाल्याशिवाय त्यांना बसवू नये आणि खाऊचे किंवा बक्षिसाचे आमिष कोणालाही दाखवू नये. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून दिले आहे. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्यही त्याच अनुच्छेदात सर्वांना सारखेच आहे आणि थोरल्या गटाने ही दोन्ही स्वातंत्र्ये एकत्र वाचावीत. मुलांना पत्रके देऊन दारोदार पाठवू नये. कोणत्याही मुलासोबत एकटा शिक्षक बंद खोलीत थांबणार नाही, हा नियम पाळकांनाही लागू राहील आणि मुलांची छायाचित्रे मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकू नयेत. मे महिन्याच्या उन्हामुळे शाळा सकाळी आठ ते साडेदहा एवढीच ठेवावी, अंगणातील खेळ नऊच्या आत उरकावेत आणि माठाजवळ ओआरएसची पाकिटे ठेवावीत.

शेवटच्या दिवशी मंडळीतील पाच-सहा वृद्धांना बोलवावे, त्यांच्यासाठी हात असलेल्या खुर्च्या मागवाव्यात आणि मुलांनी एकेकाजवळ बसून 'तुम्ही पहिल्यांदा कोणाला सांगितलं आणि तेव्हा काय झालं?' असे विचारावे. वृद्धांना आदल्या रविवारी भेटून फसलेले प्रसंगही सांगण्याची विनंती करावी, नाहीतर ते केवळ चमत्कार सांगतात. वह्या त्याच दिवशी मुलांना घरी देऊन टाकाव्यात, चिठ्ठ्या मात्र डब्यात जपून ठेवाव्यात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी तो डबा वर्गात उघडावा, नवीन विचारले गेलेले प्रश्न त्यात टाकावेत आणि कोणी कोणाला सांगितले याची हजेरी न घेता ज्याला बोलावेसे वाटेल त्यालाच बोलू द्यावे.