पावसाळ्याआधी पत्र्यावरच्या सोलर पॅनेलची पकड तपासून घ्या

वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी गोठा, पोल्ट्री किंवा गोदामाच्या पत्र्यावर सोलर बसवायचं असेल, किंवा आधीच बसवलेलं असेल, तर एक दिवस काढून त्याची पकड नीट बघून घ्या. शेतकरी पहिल्यांदा विचारतात ते वजनाबद्दल. वजन बघायलाच हवं, पण ५४० वॉटचं पॅनेल २८ ते ३० किलोचं असतं आणि अडीच चौरस मीटर जागा व्यापतं. स्ट्रक्चर धरून चौरस मीटरला साधारण १५ किलो भार येतो. खरा धोका वाऱ्याचा आहे, आणि वारा पॅनेल खाली दाबतो त्याहून जास्त वर उचलतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. तेवढी ओढ वरच्या दिशेने लागली तर एका पॅनेलवर १२० किलोच्या घरात जोर येतो, म्हणजे पॅनेलच्या वजनाच्या चौपट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोरही चौपट होतो. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यात ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून पॅनेल अगदी कडेपर्यंत नेऊ नका. चारी बाजूंनी किमान फूटभर जागा सोडा. एखादं पॅनेल कमी बसलं तरी चालेल.

आता पकडीचं बघू. पॅनेल क्लॅम्पने रेलला (पॅनेलखालच्या लांब पट्टीला), रेल पायाने पत्र्याला, पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्याला), पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला) आणि कैची खांबाला धरून असते. यातली सगळ्यात कच्ची कडी जेवढी पक्की, तेवढंच पूर्ण काम पक्कं. बहुतेक ठिकाणी ही कच्ची कडी म्हणजे पत्रा. शेडचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. एवढ्या पातळ पत्र्यात स्क्रूचे एक-दोन आटेच धरतात. जोराची झुळूक आली की स्क्रू भोक मोठं करत सुटतो. त्यामुळे रेलचा पाया शक्यतो पर्लिनवरच आला पाहिजे आणि स्क्रू पत्र्यातून आरपार पर्लिनमध्ये गेला पाहिजे. पर्लिनची जागा शोधायला अवघड काही नाही. पत्र्यावर जुन्या स्क्रूंची किंवा जे-बोल्टची सरळ ओळ दिसते, तीच पर्लिनची रेघ. फक्त पत्र्यावर बसणाऱ्या छोट्या रेल मिळतात आणि त्या वाईट नाहीत, पण त्यांना किती स्क्रू लागतात आणि पत्रा किमान किती जाडीचा हवा हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते न वाचता बसवणारा कारागीर मला मान्य नाही. दुमडून उभी शिवण केलेला पत्रा असेल तर शिवणीला धरणारे क्लॅम्प घ्या, भोक पाडायची गरजच राहत नाही.

भोक पाडायचं असेल तर ते पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नको. स्क्रूखाली ईपीडीएम रबराचा वॉशर हवा. स्वस्तातला वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि गळती सुरू होते. स्क्रू इतकाच आवळा की वॉशर कडेने किंचित फुगून दिसेल. तो चपटा होऊन बाहेर आला तर जास्त आवळला गेला, आणि बोटाने फिरत असेल तर कमी. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल पत्र्याचा जस्ताचा थर खातं. सिलिकॉन वॉशरची जागा घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

ड्रिल मारताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढा. एका पावसात त्याचे तांबूस ठिपके पडतात आणि तिथून पत्रा गंजायला लागतो. पत्र्यावर ग्राइंडर चालवू नका, ठिणग्यांनी वरचा थर जळतो. तांब्याची उघडी तारही पत्र्याला टेकू देऊ नका. तांब्यावरून ओघळलेलं पाणीसुद्धा जस्ताचा थर लवकर खराब करतं.

ॲल्युमिनियमची रेल उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. ६ मीटरची रेल तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर सुमारे ७ मिलिमीटर लांब होते. त्यामुळे लांबच लांब रेल सलग न जोडता मध्ये फट ठेवा आणि त्या फटीवर पॅनेल येऊ देऊ नका. नाहीतर दरवर्षीच्या ऊन-थंडीने स्क्रूंची भोकं हळूहळू ढिली होतात, आणि ते खालून सहज दिसत नाही. पॅनेल आणि पत्र्यामध्ये ४ ते ६ इंचांची मोकळी जागा वाऱ्याला हवी, कारण पॅनेल तापलं की वीज कमी होते, दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के. जास्त उंचीचा मोह मात्र टाळा, वारा खालून घुसतो.

गोठा आणि पोल्ट्रीला एक वेगळी काळजी लागते. तिथल्या हवेतल्या अमोनियाने साधं लोखंड लवकर सडतं. त्यामुळे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) किंवा ॲल्युमिनियमचं स्ट्रक्चर, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि अमोनिया चाचणी पास झालेलं पॅनेल घ्या. गंजलेल्या पत्र्यावर २५ वर्षं टिकणारं पॅनेल चढवू नका, आधी पत्रा बदला. शेडची कैची बारीक पाइपाची असेल तर फॅब्रिकेटरऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला हे सगळं लागू नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून त्याला भोक पाडू नका.

पॅनेलच्या फ्रेम आणि रेल अर्थिंगला जोडल्या आहेत का, वायर पत्र्याच्या धारदार कडेवर घासत नाही ना, हे वायरमनकडून बघून घ्या. छतावर चढताना पाय स्क्रूंच्या ओळीवरच ठेवा. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर माणूस उभा राहू शकत नाही, तो पारदर्शक पत्रा धुळीने मळला की लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो, आणि अपघात तिथेच होतात. पट्टा बांधूनच काम करा, ओल्या पत्र्यावर चढू नका. उन्हात पॅनेलमधून वीज येतच असते, मुख्य स्विच बंद केला तरी.

पहिलं वादळ होऊन गेलं की क्लॅम्प आणि पायांचे स्क्रू पुन्हा एकदा बघा. क्लॅम्प पॅनेलच्या लांब कडेला, टोकापासून साधारण पाव लांबीवर असावेत. नेमकी जागा आणि आवळायचं प्रमाण पॅनेलच्या पुस्तिकेत असतं. एखादा क्लॅम्प सरकलेला दिसला तर तो नुसता पुन्हा आवळून सोडू नका. त्याच्या शेजारचे चारही तपासा आणि रेल जिथे पर्लिनला धरली आहे ती जागा खालून टॉर्चने बघा. तिथे भोकाभोवती उजेड दिसत असेल तर स्क्रूची पकड गेलेली आहे.