छोट्या गाडीला रुंद टायर: १९५ नको, १८५ घेतले

माझ्या हॅचबॅकला मुळात १६५/८० आर१४ टायर होते (रुंदी १६५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). ॲव्हरेज झकास, पण पावसात ताम्हिणीच्या वळणांवर गाडीचं नाक बाहेर ओढायचं. टायरवाले काका १९५/६५ आर१५ साठी मागे लागले. दिसतो रुबाबदार, पण व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे १५ मिमी जास्त. म्हणजे स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवणार, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासायची भीती.

मी १५ इंची अलॉय रिमवर १८५/६५ आर१५ बसवले. याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला हाच साइज येतो. व्यास ६२० ऐवजी ६२२ मिमी. रेटिंग ८८एच, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो वजन आणि ताशी २१० किमी वेग. २४० वालं व्ही रेटिंग घेऊन पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये करायचं काय? त्यापेक्षा रुंद, खोल उभ्या खाचांचा पॅटर्न पाहिला. पाणी तिथूनच बाहेर पडतं.

बाजूवरचा चार आकडी कोड दुकानातच वाचा: टायर कधी बनला ते कळतं, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मला आधी जुना माल दाखवला होता, तो परत पाठवला.

ओल्या रस्त्यावरची पकड स्पष्ट सुधारली. ॲव्हरेज थोडं घटलं, आणि खड्डे जास्त कळतात, कारण टायरची भिंत १३२ वरून १२० मिमीवर आली.