थर्मामीटर बारा मिलिकेल्विन म्हणतोय म्हणून सेन्सर बारावर असतोच असं नाही

अधूनमधून कोणीतरी एमएस्सीवालं विचारतं, ताई डार्क मॅटरमध्ये (विश्वातलं न दिसणारं द्रव्य) पीएचडी करायचीय, पायथन येतं, मशीन लर्निंगचा कोर्सही केलाय. छान. पण क्रायोजेनिक डिटेक्टरकडे, म्हणजे अतिथंड क्रिस्टलमध्ये कण पकडायच्या यंत्राकडे, यायचं असेल तर पहिली दोन वर्षं पायथनपेक्षा फ्रिजची गळती शोधणाऱ्या हीलियम लीक डिटेक्टरशीच जास्त गाठ पडते. फ्रिज (क्रिस्टल थंड करणारं यंत्र, घरातलं नव्हे) थंड व्हायला दिवस, परत गरम करायला दिवस, आणि आत एक वायर सुटली की तो सगळा रन पाण्यात.

थिअरी तुम्हाला माहीत आहेच. १० मिलिकेल्विनच्या (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक शतांश अंश वर) आसपास क्रिस्टलची उष्माधारकता इतकी घसरते की एकेका कणाची ऊर्जा तापमानात दिसते. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली कुओरे या प्रयोगाची ९८८ क्रिस्टल्स आहेत, प्रत्येक पाऊण किलोचं, तिथे १ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेला साधारण ०.१ मिलिकेल्विन चढतं. पुस्तकात इतकं पुरतं. मी अडकले ती याच्या पुढे.

क्रिस्टलवर चिकटवलेला आमचा तापमानाचा सेन्सर एनटीडी जर्मेनियमचा, म्हणजे रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉनचा मारा करून तयार केलेला. तापमान उतरलं की त्याचा रेझिस्टन्स चढतो, आणि त्याचा लॉग एक भागिले वर्गमूळ तापमानासमोर काढला की सरळ रेघ यायला हवी. माझी रेघ ३० मिलिकेल्विनपर्यंत सरळ यायची आणि मग आडवी व्हायची. मिक्सिंग चेंबरचा, म्हणजे फ्रिजच्या सगळ्यात थंड भागाचा, थर्मामीटर मात्र १२ दाखवतोय! मी धरून चालले की ग्लू नीट लागला नाही. तीनदा फ्रिज उघडला, तीनदा सेन्सर नव्याने चिकटवला. पाच महिने गेले.

आता हे नीट वाचा, हवं तर दोनदा. तो थर्मामीटर स्वतःचं आणि तांब्याच्या प्लेटचं तापमान सांगतो, तुमच्या सेन्सरचं नाही. आणि सेन्सरमध्येही अणूंची जाळी एक आणि इलेक्ट्रॉन वेगळे, इतक्या खाली त्या दोघांचं एकमेकांशी जेमतेम पटतं, त्यामुळे वायरीतून पिकोवॅटच्या (वॅटचा लाख-कोटीवा भाग) आसपासची पॉवर आली तरी जाळी थंडच राहते आणि इलेक्ट्रॉन गरम, आणि रेझिस्टन्स ठरतो इलेक्ट्रॉनवर. म्हणून आधी बायस, म्हणजे सेन्सर वाचायला त्यात सोडलेला करंट, निम्मा करून बघा. रेझिस्टन्स वाढला तर सेन्सर तुमच्याच करंटने तापतोय. माझा ढिम्म हलला नाही, म्हणजे उष्णता दुसरीकडून येत होती, पण हे मला तेव्हा सुचलंच नाही. एका रात्री लॅपटॉपची बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावला आणि स्क्रीनवरचा रेझिस्टन्स खाली आला. काढला, वर गेला. दहा वेळा लावला-काढला असेल, वेड्यासारखा. रेडिओ फ्रिक्वेन्सीचा कचरा ग्राउंडमधून (अर्थिंगमधून) वायरीत शिरत होता. फिल्टर बसवले, वायरी प्रत्येक स्टेजला नीट थंड केल्या, रेघ बरीच सरळ झाली. ग्लू बिचारा पहिल्यापासून बरोबर होता.

माझे गाइड तेव्हा म्हणत राहिले, "सॅम्पल बदलून बघ." खरा प्रश्न वर्कशॉपमधल्या टेक्निशियन काकांनी विचारला: ग्राउंड किती ठिकाणी जोडलंय? माझं मत विचाराल तर गाइडच्या पेपरांची यादी बघण्यापेक्षा लॅबमध्ये असे काका आहेत का ते बघा.

घाबरू नका, मोठ्यांचंही हेच होतं. डार्क मॅटर शोधणाऱ्या क्रेस्ट प्रयोगाच्या सुरुवातीच्या काळात क्रिस्टल इतकं घट्ट पकडलेलं होतं की त्यात बारीक तडे जायचे आणि प्रत्येक तडा एखाद्या इव्हेंटसारखा, म्हणजे कण आदळल्यासारखा, दिसायचा. पकड बदलली, इव्हेंट गेले. आजही कमी ऊर्जेला बऱ्याच प्रयोगांत जादा इव्हेंट दिसतात आणि त्यांचं पूर्ण उत्तर कोणाकडे नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या स्पेक्ट्रमला (कोणत्या ऊर्जेचे किती इव्हेंट, त्याचा आलेख) डावीकडे, कमी ऊर्जेला, उंचवटा आला तर घरी फोन करून डार्क मॅटर सापडलं म्हणून सांगू नका (मी आईला सांगितलं होतं).

यासाठी परदेशीच जायला हवं असंही नाही. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत कथिलाच्या बोलोमीटरवर (तापमानातून ऊर्जा मोजणारा असाच डिटेक्टर) काम झालंय, त्यातल्या जर्मेनियम सेन्सरना न्यूट्रॉन मिळाले ते ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये. कुठेही जा, पण होकार देण्याआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा, गेल्या वर्षी फ्रिज किती दिवस थंड होता. प्रोफेसरसमोर विचारू नका, तिथे खरं उत्तर मिळत नाही.