दायमाबादच्या गोष्टीतून मुलांना वाचायला कसे शिकवावे

चौथी ते सातवीच्या वर्गांत अनेक मुले धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवतात, पण पुस्तक मिटल्यावर त्यात काय सांगितले होते असे विचारले, तर पहिल्या दोन वाक्यांपलीकडे त्यांना फारसे काही सांगता येत नाही. अशा मुलांसाठी जुन्या वस्तीच्या शोधाची गोष्ट फार उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. तशा गोष्टीत उत्तर एकदम हाती लागत नाही, ते लहानसहान पुराव्यांवरून काढावे लागते, आणि समजून वाचणाऱ्यालाही मजकुरातून नेमके हेच करायचे असते. पुढे दिलेली पद्धत शिक्षकांना तीन तासिकांत वापरता येईल. घरी एकाच मुलाला शिकवणाऱ्या पालकांनाही ती थोड्या फेरफाराने चालेल.

गोष्ट शक्यतो खरी निवडावी. कल्पित खजिन्याच्या गोष्टीत शेवटी सगळे कोडे लेखकच सोडवून देतो, तर खऱ्या शोधात काही प्रश्न मोकळे राहतात आणि त्या मोकळ्या प्रश्नांवरच मुले सर्वांत जास्त विचार करतात. येथे दायमाबादचा उतारा घेतला आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून किंवा छापून प्रत्येक दोन मुलांमागे एक प्रत द्यावी आणि वाक्यांचे क्रमांक गाळू नयेत. पुढचे बरेच काम त्या क्रमांकांवर अवलंबून आहे.

उतारा

(१) अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचे एक ओसाड गाव आहे. (२) तेथील मातीच्या टेकाडाखाली फार जुनी वस्ती दडलेली आहे, हे १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांच्या लक्षात आले. (३) पुढे तेथे झालेल्या उत्खननांत एकावर एक साचलेल्या थरांमधून घरांचे अवशेष, रंगवलेली मातीची भांडी आणि दफने मिळाली. (४) १९७४ साली एक स्थानिक शेतकरी एका झुडपाच्या बुंध्याशी खणत असताना त्याला जमिनीत कांस्याच्या चार जड वस्तू सापडल्या. (५) त्यांपैकी एक होता दोन बैल जुंपलेला रथ, आणि त्या रथात एक माणूस उभा होता. (६) रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर होती. (७) उरलेल्या तीन वस्तू म्हणजे हत्ती, गेंडा आणि रेडा. (८) गेंडा आणि रेडा यांना चाके होती. (९) हत्ती ज्या पाटावर उभा होता, त्याच्याखाली आस बसवण्याची सोय होती, पण आस आणि चाके नव्हती. (१०) चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरले. (११) एम. एन. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी यांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या मानल्या. (१२) डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक तपासणीवरून त्या इतक्या जुन्या नसाव्यात असे मत मांडले. (१३) या वस्तू पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात मिळालेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरातल्या हे ठरवणे अवघड झाले.

पायरी १ : वाचनापूर्वीची तयारी

उतारा वाटण्याआधी फळ्यावर फक्त चार शब्द लिहावेत : नदी, टेकाड, शेतकरी, रथ. या चार शब्दांवरून गोष्ट कशाबद्दल असेल याचा अंदाज प्रत्येकाने एका वाक्यात वहीत लिहावा. अंदाज बरोबर येणे महत्त्वाचे नाही. एकदा अंदाज बांधला की तो पडताळून पाहण्यासाठी मूल लक्ष देऊन वाचते, एवढ्यासाठीच तो लिहून घ्यायचा आहे.

कठीण शब्द सगळे आधी सांगून टाकू नयेत. उत्खनन, थर आणि कांस्य हे तीन शब्द मात्र आधी स्पष्ट करावेत, कारण त्यांचा अर्थ केवळ संदर्भावरून लागणार नाही. कांस्य म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, एवढे सांगणे पुरे. ओसाड, बुंधा, आस, दडलेली हे शब्द मुलांनी आजूबाजूच्या वाक्यांवरून स्वतः लावावेत. गावाकडच्या मुलांना बैलगाडीचा आस आणि जुन्या गावठाणाची पांढरी माती माहीत असण्याची शक्यता असते. तसे असेल तर त्या मुलांनीच ते इतरांना समजावून द्यावे. नदीकाठच्या अशा पांढरीच्या टेकाडांवर खापराचे तुकडे पसरलेले दिसतात, आणि महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या वस्त्यांचा माग त्यांवरूनच लागलेला आहे.

पायरी २ : आदर्श वाचन आणि जोडीने वाचन

पहिल्यांदा शिक्षकाने स्वतः उतारा वाचावा, घाई न करता, आणि लांब वाक्ये अर्थाच्या तुकड्यांत तोडून. चौथे वाक्य उदाहरणादाखल घ्यावे. "१९७४ साली / एक स्थानिक शेतकरी / एका झुडपाच्या बुंध्याशी खणत असताना / त्याला जमिनीत / कांस्याच्या चार जड वस्तू सापडल्या" असे थांबे फळ्यावर तिरप्या रेघांनी दाखवावेत. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे लांब वाक्य वाचताना क्रियापदापर्यंत पोचेतो सुरुवात विसरण्याची अडचण मुलांना खरोखर येते, आणि थांबे कुठे घ्यावेत हे शिकवणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. नवव्या वाक्यातील "ज्या पाटावर" आणि "त्याच्याखाली" ही जोडी रेघेने जोडून दाखवावी.

त्यानंतर मुलांनी जोडीने वाचावे : एकाने एक वाक्य, दुसऱ्याने पुढचे. अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर पहिल्यांदाच प्रकट वाचन करायला लावू नये. त्याने जोडीदाराबरोबर दोनदा वाचल्यावर, स्वतः निवडलेली दोनच वाक्ये वर्गाला वाचून दाखवली तरी चालेल.

पायरी ३ : पेन्सिल घेऊन मूक वाचन

आता प्रत्येक मूल उतारा मनातल्या मनात वाचील. वाचताना जे समजले नाही तेथे प्रश्नचिन्ह आणि जे आश्चर्याचे वाटले तेथे उद्गारचिन्ह करावे, एवढीच सूचना द्यावी. खुणांची संख्या वाढवली की मुले वाचन सोडून खुणा करत बसतात. शिक्षकाने फिरून प्रश्नचिन्हे पाहावीत. बहुतेकांची प्रश्नचिन्हे अकराव्या आणि तेराव्या वाक्यांशी आढळली, तर पाचव्या आणि सहाव्या पायरीला जास्त वेळ राखून ठेवावा.

पायरी ४ : प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरामागचा आधार

या सगळ्या कामाचे मर्म या पायरीत आहे. येथे एकच नियम लावायचा : कोणतेही उत्तर वाक्याच्या क्रमांकाशिवाय स्वीकारायचे नाही. मुलाने उत्तर दिले की शिक्षकाने "कशावरून?" असे विचारावे आणि मुलाने वाक्यावर बोट ठेवावे. उत्तर बरोबर असले तरी हा प्रश्न विचारावा, नाहीतर "कशावरून" म्हणजे आपले चुकले, अशी समजूत मुले करून घेतात.

सुरुवात सरळ प्रश्नांनी करावी. वस्तू कोणत्या साली सापडल्या? रथाची लांबी किती होती? या प्रश्नांवर फार वेळ घालवू नये. त्यानंतर दोन वाक्ये जोडून उत्तर काढावे लागेल असे प्रश्न घ्यावेत. हत्तीलाही पूर्वी चाके असतील का? उताऱ्यात तसे कुठेही म्हटलेले नाही. परंतु गेंडा आणि रेडा यांना चाके होती हे आठवे वाक्य सांगते, आणि हत्तीच्या पाटाखाली आस बसवण्याची सोय होती हे नववे. दोन्ही एकत्र ठेवले की "असावीत" असे उत्तर निघते. मूल "होती" म्हणते की "असावीत" म्हणते, याकडे शिक्षकाने कान देऊन ऐकावे, कारण अनुमान आणि माहिती यांतला फरक मुलाला कळला की नाही हे त्या एका क्रियापदावरून समजते.

यापेक्षा थोडा कठीण प्रश्न असा : ही लहान मुलांची खेळणी असतील का? चाके असल्यामुळे बरीच मुले चटकन "हो" म्हणतात. मग दहाव्या वाक्याकडे लक्ष वेधावे. चार वस्तूंचे वजन ६० किलोहून अधिक, म्हणजे सरासरीने एकेक वस्तू १५ किलोहून जड. ती मूल ओढील का? काही मुलांचे मत बदलेल, काहींचे बदलणार नाही, आणि दोन्ही चालेल. मात्र मत बदलणाऱ्याने कोणत्या वाक्यामुळे ते बदलले हे सांगितले पाहिजे.

प्रश्नांचा आणखी एक प्रकार आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकांत क्वचितच दिसतो, तो म्हणजे ज्यांचे उत्तर उताऱ्यात नाही असे प्रश्न. वस्तू सापडल्यावर शेतकऱ्याला काय वाटले? त्याच्याबरोबर आणखी कोण होते? मुले उत्साहाने उत्तरे देऊ लागतील. तेव्हा पुन्हा आधार विचारावा आणि "हे उताऱ्यात सांगितलेले नाही" हे पूर्ण आणि योग्य उत्तर आहे, असे स्पष्टपणे सांगावे. प्रत्येक प्रश्नाला काहीतरी लिहिलेच पाहिजे अशी सवय लागलेल्या मुलांना हे उत्तर देण्याचे धैर्य मुद्दाम द्यावे लागते.

पायरी ५ : क्रम आणि काळ

उताऱ्यातील वाक्यांचा क्रम आणि घटनांचा क्रम एक नाही. सर्वांत जुनी गोष्ट अकराव्या वाक्यात येते, आणि अशा ठिकाणी वाचक हमखास गोंधळतात. चार मीटर लांबीची दोरी भिंतीलगत बांधावी आणि एक मीटर म्हणजे एक हजार वर्षे धरावीत. दोरीचे उजवे टोक म्हणजे आजचा दिवस. मुलांनी चिठ्ठ्यांवर घटना लिहून त्या दोरीवर लावाव्यात. १९५८ आणि १९७४ या चिठ्ठ्या उजव्या टोकापासून काही सेंटिमीटरांवर एकमेकींना चिकटून येतात, आणि देशपांडे, राव, साळी यांच्या मताप्रमाणे रथ घडवण्याची चिठ्ठी पार डाव्या टोकाला जाते. चार हजार हा आकडा मुले नुसता वाचतात तेव्हा त्यांना त्याची कल्पना येत नाही. दोरीपाशी उभे राहिल्यावर येते.

मग कोणीतरी विचारील, अग्रवाल यांच्या मताप्रमाणे ही चिठ्ठी कुठे लावायची? हा प्रश्न मुलांकडून आला नाही, तर शिक्षकाने विचारावा. ती उजवीकडे सरकेल एवढेच बाराव्या वाक्यावरून म्हणता येते. नेमकी जागा त्या वाक्यात नाही.

पायरी ६ : मतभेद वाचणे

माहिती आणि मत वेगळे ओळखणे हे कौशल्य बहुधा व्याख्येने शिकवले जाते आणि म्हणून ते टिकत नाही. येथे एकाच उताऱ्यात दोन्ही आहेत. मुलांनी तेराही वाक्यांना "मोजता किंवा तपासता येते" आणि "कोणाचे तरी मत आहे" अशा दोन गटांत घालावे. अकरा आणि बारा ही वाक्ये दुसऱ्या गटात जातील, आणि तेथे "मानल्या", "नसाव्यात", "मत मांडले" या शब्दांखाली रेघ ओढावी. कोणाचे मत आहे आणि ते कशाच्या आधारावर आहे, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. बाराव्या वाक्यात आधार दिलेला आहे, अकराव्यात दिलेला नाही. ही बाब हुशार मुलांच्या लक्षात येते आणि तिचे मनापासून कौतुक करावे.

तेरावे वाक्य समजण्यासाठी थरांची कल्पना लागते. फळ्यावर तीन आडवे पट्टे काढावेत. सर्वांत खालचा सर्वांत जुना. थरात सापडलेल्या वस्तूचा काळ ठरवताना त्याच थरातील भांडी, कोळसा, धान्य यांची साक्ष मिळते. वस्तू थरांची नोंद न होता बाहेर आली, की ही साक्ष तुटते. त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही, हेही मुलांना सांगावे. त्याच्यामुळेच या वस्तू जगाला दिसल्या.

या टप्प्यावर "आम्हाला असे काही सापडले तर?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर टाळू नये. सापडलेली वस्तू जागची न हलवता मोठ्या माणसांना सांगावे, पुढे आणखी खणू नये. जमिनीत मिळालेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी ७ : आकलनाचे लेखन

संग्रहालयात वस्तूशेजारी छोटी माहितीपट्टी असते. प्रत्येक मुलाने चार वस्तूंपैकी एक निवडून तिची पट्टी ४० ते ५० शब्दांत लिहावी. शब्दमर्यादा कटाक्षाने पाळावी, कारण काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवतानाच वाचन पक्के होते. पट्टी तपासताना शुद्धलेखनाआधी तीन गोष्टी पाहाव्यात : वस्तू कोठे आणि कधी सापडली हे आले आहे का, काळाबद्दलचा मतभेद एका वाक्यात तरी आला आहे का, आणि उताऱ्यात नसलेले काही घुसले आहे का. ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याने पट्टी तोंडी सांगावी आणि जोडीदाराने ती लिहून घ्यावी.

परदेशातील मराठी शाळांत मुले मराठी बोलतात, पण देवनागरी सावकाश वाचतात. त्यांच्यासाठी उतारा पहिल्या दहा वाक्यांपुरता ठेवावा आणि मतभेदाचा भाग तोंडी सांगावा. चौथी पायरी मात्र कमी करू नये. बोलण्याची भाषा अवगत असल्यामुळे आधार शोधण्यात ही मुले मागे पडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात हीच पद्धत दुसऱ्या उताऱ्यावर, शिक्षकाच्या मदतीशिवाय करून घ्यावी. त्यासाठी अजिंठ्याची हकिकत चांगली आहे. १८१९ साली शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. आसपासच्या लोकांना मात्र ती लेणी आधीपासून ठाऊक होती. एवढ्या मजकुरावर मुलांनी स्वतःच तीन प्रश्न तयार करावेत : एक, ज्याचे उत्तर थेट वाक्यात आहे, दुसरा, ज्यासाठी दोन वाक्ये जोडावी लागतील, आणि तिसरा, ज्याचे उत्तर उताऱ्यात नाही. प्रश्नांच्या वह्या जोडीदारांनी अदलाबदल करून सोडवाव्यात आणि प्रत्येक उत्तरासमोर आधाराचे वाक्य लिहावे.