डोळे मिटताच उजळणारं चित्र
मेंदूच्या लहरींवर (ईईजी) चालणाऱ्या कलेच्या पोर्टफोलिओसाठी पहिलं काम छोटंच घ्या: डोळे मिटले की पडद्यावरचा रंग उजळतो, एवढंच. इलेक्ट्रोड (मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या) डोक्याच्या मागे, ओ१ आणि ओ२ या जागी (मधल्या रेषेच्या डावीकडे आणि उजवीकडे) लावा. मिटल्या डोळ्यांनी ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी तिथेच ठळक उमटतात. संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून संकेत मोजतात तो, कानाच्या पाळीला. डोळे उघडे १ मिनिट, मिटून १ मिनिट नोंद घ्या आणि अल्फाच्या त्या दोन सरासरींमध्ये रंगाची पट्टी बसवा, कारण प्रत्येकाची पातळी वेगळी. (काहींची अल्फा जेमतेमच दिसते.) विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण नॉच फिल्टरने (तेवढीच वारंवारता वगळणाऱ्या फिल्टरने) काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चित्र थरथरलं तर २ सेकंदांची सरासरी घ्या. दात आवळले की जबड्याच्या स्नायूंचे संकेत घुसतात, पडदा उगाच भडकतो. त्याला ‘भावनांचा उद्रेक’ म्हणून खपवू नका.